पापानिकोलाऊ डॉक्टर आणि मॅरीबाई

मागल्या वर्षी आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला एक डॉक्टरीणबाई बोलावल्या होत्या, हे पुष्कळ भगिनींना आठवत असेल. वाण वाटून झाले आणि त्या बोलायला उभ्या राहिल्या. पालेभाज्या, रक्त कमी असणे, सकाळचे फिरणे असे बोलणे चालले होते तोवर सगळ्याजणी बसल्या होत्या. त्यांनी पॅप टेस्टचे नाव काढले मात्र, मागच्या सतरंजीवरच्या पाचसहाजणी उठल्या. त्यांत मीही होते. दूध गॅसवर ठेवून आले आहे, असे मी शेजारणीला सांगितले. दूध केव्हाच तापवून जाळीखाली झाकलेले होते.

घरी आल्यावर थोरल्या मुलीने विचारले, तेव्हा खरे काय ते सांगितले. ती लॅबोरेटरीचा कोर्स करते. दिवसभर काचपट्ट्या रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहायच्या, हे तिचे काम. ती हसली नाही. पॅप हे कसल्या तरी रोगाचे नाव असावे अशी माझी समजूत होती. ते एका माणसाच्या आडनावाचे पुढचे टोक आहे, हे तिने सांगितले. मग तिनेच पुस्तके आणून वाचून दाखवली, न समजले ते दोनदोनदा समजावले. संपादिकाबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून आग्रह केला, तेव्हा मला दुसरा विषय सुचेना. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कोठे चुकले तर भगिनींनी पोटात घालावे.

ग्रीस देशात एव्हिया नावाचे मोठे बेट आहे. त्या बेटावरच्या किमी या गावी १३ मे १८८३ रोजी जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. मुलाने आपल्यासारखीच डॉक्टरकी करावी ही त्यांची इच्छा. मुलगा हुशार, पंधराव्या वर्षीच अथेन्सच्या विद्यापीठात गेला, व्हायोलिन वाजवायला शिकला आणि १९०४ साली डॉक्टर होऊन बाहेर पडला. पण रोग्यांची नाडी पाहून पैसे जोडण्यात त्याचे मन रमेना. तो जर्मनीस गेला आणि १९१० साली म्युनिक येथे त्याने आणखी एक मोठी पदवी घेतली. तिच्यासाठी त्याने अभ्यास केला तो डबक्यातल्या पिसवेएवढ्या किड्यांचा! त्यांच्यात नर कसा निपजतो आणि मादी कशी, हे त्याला शोधायचे होते. डॉक्टर झालेला मुलगा किडे बघत बसतो, हे पाहून वडिलांना काय वाटले असेल ते कोणत्याही आईबापांना समजेल.

त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. मुलगी लष्करी घराण्यातली, नाव आंद्रोमाकी. पुढे अमेरिकेत सगळे तिला मॅरी म्हणू लागले, म्हणून मीही मॅरीबाईच म्हणते. लग्नानंतर डॉक्टरांनी काही काळ मोनाको येथे समुद्रातील जीवांचा अभ्यास केला. १९१२ साली बाल्कन युद्ध सुरू झाले आणि त्यांना सैन्यात जावे लागले. तेथे अमेरिकेहून लढायला आलेले ग्रीक लोक त्यांना भेटले. त्यांच्याकडून त्या देशाच्या गोष्टी ऐकल्या आणि युद्ध संपताच, १९१३ च्या ऑक्टोबरात, हे जोडपे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले. अमेरिकेत उतरू देण्यासाठी जे २५० डॉलर दाखवावे लागत, तेवढीच काय ती पुंजी. इंग्रजीचा एक शब्द दोघांनाही धड येत नव्हता.

दोन पदव्यांचा हा मनुष्य एका मोठ्या दुकानात गालिचे विकायला उभा राहिला, पण ते काम एक दिवसही धड जमले नाही. कधी त्यांनी हॉटेलात व्हायोलिन वाजवले, कधी ग्रीक वर्तमानपत्राच्या कचेरीत कारकुनी केली. त्याच दुकानात मॅरीबाई कपड्यांना गुंड्या शिवीत. मजुरी आठवड्याला पाच डॉलर. आपल्या आळीतल्या ज्या भगिनी घरी काजबटणाचे काम करतात, त्यांना आठवडाभर सुई चालवून बोटांचे काय होते ते मी सांगायला नको. लष्करी अधिकाऱ्याच्या मुलीने ते केले आणि त्याविषयी कुरकुर केल्याचे कोठे वाचण्यात आले नाही. केलीही असेल, चरित्रे लिहिणारे बहुधा पुरुषच असतात.

१९१४ साली दिवस पालटले. कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय कॉलेजात, शरीररचनेच्या विभागात, डॉक्टरांना काम मिळाले. विभागाचे मुख्य चार्ल्स स्टॉकार्ड हे गिनीपिग नावाच्या प्राण्यावर दारूचा परिणाम तपासत होते. गिनीपिग हा उंदराच्याच जातीचा, पण बिनशेपटीचा आणि सशासारखा गुबगुबीत. मॅरीबाईही प्रयोगशाळेत येऊ लागल्या, आरंभी पगाराशिवाय. पिंजरे, काचा, रंग, नोंदी, सगळे त्यांनी हाती घेतले. घरी डबा करायचा आणि प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा कामाला लागायचे, असा पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांचा क्रम होता.

आता मुख्य गोष्ट येथे सुरू होते, तेव्हा जरा सावकाश सांगते.

डॉक्टरांना गिनीपिगच्या मादीचे बीज पाहिजे होते, आणि तेही अंडाशयातून सुटण्याच्या ऐन वेळचे. ती वेळ ओळखायची कशी? गाय माजावर आली की हंबरते, गवळ्याला कळते. गिनीपिग काहीच सांगत नाही. म्हणून मादी मारून आत पाहायचे, वेळ चुकली असेल तर दुसरी मारायची. अशी पुष्कळ जनावरे फुकट जात. डॉक्टरांच्या मनात आले, बाईला जशी पाळी येते, तसे ह्या मुक्या प्राण्यांतही काहीतरी होत असले पाहिजे. डोळ्यांना दिसत नाही एवढेच. नाक तपासायचे एक बारीकसे उपकरण त्यांनी घेतले, त्याच्या साह्याने मादीच्या योनिमार्गातला किंचित ओलावा काढला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रक्त दिसले नाही, पण निरनिराळ्या पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पेशींचे रूप बदललेले. असे रोज पाहता पाहता सगळा मेळ बसला. साधारण सोळा दिवसांनी तेच चित्र पुन्हा फिरून येई. काचेवर चपट्या, कडक झालेल्या पेशींची गर्दी दिसली की मादी माजावर आहे असे समजावे. एकही जनावर मारावे लागत नव्हते. १९१७ साली स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ या दोघांच्या नावाने ही माहिती छापून आली.

एवढ्याशा प्राण्याची ही पाळी कळून जगाला काय मिळाले, असे मीही मुलीला विचारले. ती म्हणाली की पुष्कळ मिळाले. हीच युक्ती दुसऱ्यांनी उंदरांवर लावली. १९२३ साली अमेरिकेतच ॲलन आणि डोइझी या दोघांनी अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांना डुकरिणीच्या अंडाशयातला द्रव टोचला आणि रोज काच पाहिली. अंडाशय नसतानाही काचेवर माजाच्या पेशी आल्या! अंडाशयातून रक्तात काहीतरी पाझरते आणि तेच हे सारे घडवते, ह्याचा पुरावा असा हाती आला. त्यालाच आज आपण हार्मोन म्हणतो. मराठीत संप्रेरक असा शब्द आहे, पण आपल्या डॉक्टरीणबाईसुद्धा हार्मोनच म्हणाल्या.

गिनीपिगचे झाले, आता बाईचे काय? कोणती बाई रोज अशी तपासणी करू देईल? मॅरीबाईंनी दिली. एक दिवस नव्हे, एक महिना नव्हे, वर्षानुवर्षे. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या काचा डॉक्टर पाहात होते. बाईच्या पाळीचे चक्र पेशींत कसे उमटते हे जे जगाला समजले, त्याची सुरुवात एका गृहिणीच्या शरीरापासून आहे. मी हे वाचले तेव्हा हातातले भांडे खाली ठेवले. मी तर नुसत्या नावाने उठून आले होते! मॅरीबाईंनी आपल्या मैत्रिणींनाही घरी बोलावून ह्या कामासाठी राजी केले होते, असे सांगतात. म्हणजे त्यांचेही हळदीकुंकूच म्हणायचे.

त्या दोघांना मूल झाले नाही. प्रयोगशाळा हाच त्यांचा संसार होता. आपल्याकडे असती तर मॅरीबाईंना दर समारंभात लोकांनी छेडले असते.

१९२५ पासून न्यूयॉर्कच्या एका स्त्रियांच्या रुग्णालयातील बायकांच्या काचाही डॉक्टर पाहू लागले. पाहात होते हार्मोन, आणि एके दिवशी दिसले भलतेच. गर्भाशयाचा कॅन्सर असलेल्या एका बाईच्या काचेवर वेड्यावाकड्या, मोठ्या केंद्राच्या पेशी होत्या. कॅन्सरच्या पेशी आपोआप सुटून ओलाव्यात येतात आणि डोळ्यांनी दिसतात! आयुष्यातल्या मोठ्या आनंदाच्या क्षणांत ते ह्या क्षणाची गणना करीत. १९२८ साली बॅटल क्रीक या गावच्या परिषदेत त्यांनी हे सांगितले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. तुकडा कापून तपासण्याची रीत असताना ओलाव्यात काय शोधायचे, असे जाणत्या डॉक्टरांचे म्हणणे पडले. रुमानियात आउरेल बाबेश ह्यांनीही १९२७ साली अशीच रीत स्वतंत्रपणे मांडली होती. त्यांचे नाव मागे राहिले, ते येथे लिहून ठेवते.

डॉक्टर वाद घालीत बसले नाहीत. पुन्हा हार्मोनकडे वळले. १९३३ साली बाईच्या चक्रावर त्यांचा मोठा निबंध निघाला. त्यानंतरचे त्यांचे एक काम माझ्या वयाच्या भगिनींनी मुद्दाम वाचावे असे आहे. पाळी गेलेल्या बायकांच्या काचा त्यांनी एफ्राइम शॉर या डॉक्टरांबरोबर तपासल्या. तरुणपणी वरच्या थरातल्या मोठ्या, चपट्या पेशी दिसतात. पाळी गेल्यावर त्या जातात आणि खालच्या थरातल्या लहान, गोल पेशी वर दिसू लागतात. कातडी पातळ होते. अशा बायकांना अंडाशयाचे हार्मोन टोचले, तर काचेवर पुन्हा तरुणपणचे चित्र येऊ लागे. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी हे छापले. पाळी जाताना अंगात जी आग होते, कोरडेपणा येतो, चिडचिड होते, ती मनाची खोड नसून शरीरात खरोखर काही बदलते, हे काचेवर दाखवून दिले. आमच्या पिढीतल्या बायकांना हे कोणी सांगितले नाही. चाळिशीची तऱ्हा म्हणून सोडून दिले.

हार्मोन रक्तातून साऱ्या अंगात हिंडते, मग परिणाम त्याच जागी का? ह्याचे उत्तर डॉक्टरांच्या हयातीत पुरते मिळाले नव्हते. शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी उंदरांच्या लहान माद्यांवर ते शोधले. खूण केलेले हार्मोन टोचले, तेव्हा ते गर्भाशयात आणि योनिमार्गात धरून ठेवले गेले, इतरत्र नुसते येऊन निघून गेले. मुलीने मला असे समजावले, की पोस्टमन सगळ्या आळीतून जातो, पण पत्र त्याच घरी पडते जेथे त्या नावाचे माणूस राहते. ह्या पत्र घेणाऱ्याला शास्त्रात ग्राहक म्हणतात. पुढे म्हाताऱ्या उंदरांचे गर्भाशय तपासले, तेव्हा अनेक अभ्यासांत हे ग्राहक कमी झालेले आढळले. म्हणजे वय झाले की पत्रे कमी येतात आणि दार उघडणारेही कमी होतात. सगळ्या अवयवांत आणि सगळ्या जनावरांत हे सारखे होत नाही, आणि उंदराचे ते सगळे बाईला जसेच्या तसे लावू नये, अशी तंबीही मुलीने दिली आहे.

येथे एक घरची गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या आत्याची पाळी जाऊन आठ वर्षे झाली होती आणि पुन्हा अंगावर जाऊ लागले. अंगात उष्णता झाली म्हणून तिने सब्जाचे पाणी घेतले, गुलकंद खाल्ला. पाच महिने कोणाला बोलली नाही, कारण सून तरुण होती आणि मुलाला सांगायची लाज. डॉक्टरांकडे नेले तेव्हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बाहेर पसरला होता. दिवाळी तिने पाहिली नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, मग ते एकदाच का असेना, हे उष्णतेचे नसते. त्याची कारणे पुष्कळ असतात, साधीही असतात, पण तपासून घ्यावेच लागते. एवढे एक वाक्य तेव्हा आमच्या घरात कोणाला ठाऊक असते तर?

१९३९ साली स्टॉकार्ड वारले. नवे मुख्य जोसेफ हिन्सी यांनी डॉक्टरांना कॅन्सरचे जुने काम पुन्हा काढायला सांगितले, आणि हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाची जोड मिळाली. न्यूयॉर्क हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक बाईची काच घेण्यात येऊ लागली. काही त्रास नाही, तक्रार नाही, अशा बायकांतही कॅन्सर सापडला, तोही कोवळा, बरा होण्यासारखा. १९४१ साली लेख आणि १९४३ साली पुस्तक निघाले. पुस्तकातली पेशींची चित्रे हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराने काढली. महायुद्धाच्या काळात अमेरिकेने त्यालाही इतर जपान्यांप्रमाणे अटकेत टाकले होते, असे मुलीने वाचून दाखवले. १९४७ साली कॅनडातल्या एअर नावाच्या डॉक्टरांनी लाकडी चपटी पट्टी काढली. तिने पिशवीच्या तोंडावरच्याच पेशी हलकेच खरवडून घेता येऊ लागल्या आणि काम अधिक सोपे झाले.

ही तपासणी उपयोगी पडते ती एका कारणाने. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. पेशी आधी थोड्या बिघडतात आणि कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा अधिक लागतात. दूध नासण्याआधी त्याचा वास बदलतो तसेच हे. त्या अवधीत सापडले तर तेवढाच भाग काढून बाई घरी जाते. ज्या देशांत ही तपासणी नेमाने होऊ लागली, तेथे ह्या कॅन्सरने मरणाऱ्या बायका अर्ध्याहून कमी झाल्या. मात्र पिशवीच्या आतल्या कॅन्सरसाठी ह्या तपासणीवर विसंबू नये, त्याची तपासणी निराळी असते.

आपल्या महाराष्ट्राचाही ह्यात भाग आहे. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, खेड्यापाड्यांतल्या तीस ते एकोणसाठ वर्षांच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांचा मोठा अभ्यास सुरू झाला. काही गावांत पॅप, काही गावांत आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, आणि काही गावांत ह्या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, अशी ती एकेकदाच केली. उरलेल्या गावांत नेहमीचेच चालू ठेवले. २००९ साली निकाल निघाला, तो असा की विषाणूची तपासणी झालेल्या बायकांत ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. एकदाच केलेल्या पॅपने तेवढा फरक दिसला नाही. म्हणून आता विषाणूच्या तपासणीकडे कल आहे आणि मुलींसाठी लसही निघाली आहे. डॉक्टरांच्या चरित्रात हे लिहू की नको, असे मला वाटत होते. पण आयुष्यभर काचेवर जे दिसेल तेच ज्यांनी लिहिले, त्यांच्याविषयी आपण तरी लपवाछपवी का करावी? धाराशिवकडच्या त्या बायका माझ्यासारख्या दुधाचे निमित्त करून उठल्या नाहीत, हेही मला लिहायचे होते.

यंदा शिबिराला मी गेले. पाच मिनिटेही लागली नाहीत. जिने तपासले ती मुलगी माझ्या थोरलीच्याच वयाची होती. काकू, श्वास सोडा, एवढेच म्हणाली.

पापानिकोलाऊ डॉक्टरांना पुढे पुष्कळ मान मिळाला. १९५० साली लास्कर पारितोषिक मिळाले, १९५४ साली पेशींच्या चित्रांचा मोठा ग्रंथ निघाला. नोबेल मात्र मिळाले नाही. पंचाहत्तरी उलटली तरी काम थांबले नाही. १९६१ साली दोघे मायामी येथे गेले. तेथल्या कॅन्सर संस्थेचे काम डॉक्टरांकडे सोपवले होते. पण तीन महिने झाले नाहीत तोच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने ते वारले. संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९९५ साली ग्रीसने दहा हजार द्राख्माच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. २००२ साली युरो आला आणि ती नोट व्यवहारातून गेली.

मॅरीबाई मायामीलाच राहिल्या. डॉक्टरांच्या पश्चात वीस वर्षे त्यांनी त्या संस्थेच्या कामाशी नाते ठेवले आणि १९८२ साली त्या वारल्या.